भाषापालट : काही निरीक्षणे

बोलता बोलता एका भाषेतून दुसऱ्या भाषेत शिरणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडे सामान्यतः दोनच मते ऐकू येतात. एक तर तो ऐट मिरवतो, नाही तर त्याला एकही भाषा धड येत नाही. मी सोलापुरातील एका तेलुगूभाषक विणकर कुटुंबात वाढलो. त्यामुळे दुसरा शेरा मला शाळेतच मिळाला. "घरची खिचडी घरीच ठेवत जा," असे आमचे एक गुरुजी भर वर्गात म्हणाले. पुढे कित्येक दिवस तोंड उघडण्यापूर्वी मी प्रत्येक वाक्य मनात जुळवून घेत असे. त्या शेऱ्याची तपासणी करण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

प्रथम घरातलेच पाहू. आई विड्यांचे कट्टे तेलुगूत मोजते. मजुरीचा गुणाकार करायची वेळ आली की मला हाक मारते आणि मी तो मराठीत करतो, कारण पाढे मी मराठीत पाठ केले. वडिलांशी तेलुगू, धाकट्या भावाशी बहुधा मराठी. येथपर्यंत माणूस किंवा विषय बदलला की भाषा बदलते, एवढेच दिसते. परंतु जेवायला बोलावताना आई दोनदा "रा, रा" म्हणते आणि तिसऱ्यांदा "ये म्हटलं ना!" असे मराठीत ओरडते, तेव्हा माणूसही तोच आणि विषयही तोच असतो. बदलते ती फक्त जरब. ब्लोम आणि गंपर्झ यांनी नॉर्वेतील हेम्नेसबर्गेट या गावाचा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध केला. तेथेही कचेरीत आलेला माणूस कारकुनाशी घरची विचारपूस गावच्या बोलीत करी आणि कामाचे बोलणे प्रमाण भाषेत.

खरा वाद आहे तो एकाच वाक्यात होणाऱ्या पालटाविषयी. (बस, टेबल यांसारखे शब्द मी यात धरत नाही; ते इंग्रजीचा गंध नसलेली माझी आईही वापरते.) युरिएल वाइनराइख या थोर अभ्यासकानेही १९५३ साली असे मानले होते, की आदर्श द्विभाषिक वाक्याच्या मध्येच भाषा बदलत नाही. न्यूयॉर्कमधील पोर्तो रिकन लोकांचे बोलणे तपासून शाना पॉपलॅक यांनी १९८० साली नेमके उलटे दाखविले. ज्यांना स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही उत्तम येत, तेच वाक्याच्या पोटात सफाईने पालट करीत; कच्चे बोलणारे वाक्याच्या कडेला एखादा उद्गार चिकटवून थांबत. शिवाय दोन्ही भाषांतील शब्दक्रम जेथे जुळतो, तेथेच हा सांधा पडे.

मराठीपुरता हा प्रश्न मूळचे पुण्याचे अरविंद जोशी यांनी हाताळला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात असताना १९८२ साली त्यांनी मराठी-इंग्रजी मिश्र वाक्यांचे नियम मांडले. मराठी साच्यात इंग्रजी नामे, विशेषणे सहज बसतात. शब्दयोगी अव्यये, सहायक क्रियापदे यांसारखा वाक्याचा सांगाडा मात्र मराठीच राहतो. "लायब्ररीतून बुक इश्यू केलं" असे कोणीही म्हणेल. "फ्रॉम ग्रंथालय" असे कोणी चुकूनही म्हणत नाही.

यावरून आमच्या घरची खिचडी इतकी मऊ का शिजते, हेही मला उमगले. तेलुगू आणि मराठी या वेगळ्या कुळांतल्या भाषा असल्या, तरी दोहोंत क्रियापद शेवटी येते आणि प्रत्यय नामामागे लागतो. तेलुगूत 'बजारुकु', मराठीत 'बाजाराला'. सांधे आयते जुळलेले असतात. इंग्रजीत 'टू' पुढे उभा राहतो, म्हणून तेथे जपून पाऊल टाकावे लागते.

आमचे गुरुजीही ते जपूनच टाकीत. "होमवर्क कम्प्लीट केला का?" असे ते रोज विचारत. त्यातला 'केला' अचूक जागी असे, आणि होमवर्कला पुल्लिंग कोणी दिले हे त्यांना कोणी विचारले नाही.