सायकलची सीट आणि ०.९ मिमीचा धडा
माझ्या जुन्या सायकलच्या फ्रेमचं आतलं माप २७.२ मिमी, आणि मिळालेला सीट पिलर २५.४ चा. कागदाच्या घड्या कोंबल्या. त्या दबल्या आणि शेगाव-खामगाव रस्त्यावर सीट खाली; गुडघे दोन दिवस दुखले.

मग पत्र्याची शिम केली. फरक १.८ मिमी, पण पत्रा दोन्ही बाजूंना येतो, म्हणून जाडी निम्मी, ०.९. लांबी पाय गुणिले सरासरी व्यास २६.३, म्हणजे सुमारे ८३ मिमी; पण ८० च कापायची. उरलेली फट फ्रेमच्या खाचेसमोर ठेवली की क्लॅम्प नीट आवळतो. वरची कड बाहेर दुमडा, शिम आत घसरणार नाही. पिलरवरची किमान खूण मात्र फ्रेमच्या आतच हवी, नाहीतर फ्रेम तडकू शकते.

व्हर्नियर फक्त प्रॅक्टिकलच्या मार्कांसाठी नसतो, हे तेव्हा कळलं!