‘सेन्सिटिव्ह’ या एका शब्दाआड : लिनक्सवरील टचपॅड आणि देवनागरी टंकन

उज्जैनच्या माधव नगरातील आमच्या घरी एक विद्यार्थिनी प्रबंधाचे प्रकरण घेऊन आली. एका ओळीत ‘वाचकांचा कल’ याऐवजी ‘वाचकांचा कला’ असे होते. तीन ओळी खाली ‘अनेक वेळा’चे ‘अनेक वेळ’ झाले होते. खालचा काना वर जाऊन बसला होता. टंकताना तळहात टचपॅडला लागला आणि कर्सर वर उडाला. भलतीकडे उमटलेली पुढची अक्षरे तिने खोडली, पण शब्दाला चिकटलेला काना तसाच राहिला. शुद्धलेखन तपासणीनेही तो पकडला नाही, कारण कल, कला, वेळ आणि वेळा हे चारही शब्द कोशातले आहेत.

“सर, टचपॅड फार सेन्सिटिव्ह आहे. मी तो अगदी कमी करून पाहिला, तरी हेच होतं,” असे तिचे म्हणणे होते. तिने कमी केला होता तो बाणाचा वेग. दोष दुसरीकडेच होता. ‘संवेदनशीलता’ या एका शब्दात आपण चार वेगळ्या गोष्टी कोंबतो आणि म्हणून उपाय चुकतो. त्या चार गोष्टी आधी वेगळ्या करू.

१. बाणाचा वेग : बोट थोडे सरकवले की पडद्यावरचा बाण किती धावावा, एवढेच यात ठरते. आजच्या बहुतेक लिनक्स प्रणालींत टचपॅड सांभाळणाऱ्या ‘लिबइनपुट’मध्ये हे मूल्य उणे १ ते अधिक १ असते आणि मूळ मूल्य ० असते. वेग कमी केल्याने चुकून झालेला स्पर्श टळत नाही.

२. टॅप : नुसत्या हलक्या स्पर्शाला क्लिक मानायचे की नाही, हे येथे ठरते. सामान्यतः एका बोटाचा टॅप म्हणजे डावे बटण, दोन बोटांचा उजवे आणि तीन बोटांचा मधले. कर्सर उडतो तो मुख्यतः यामुळे, कारण टॅप होताच कर्सर बाणाच्या जागी जातो. गनोम ४६ (२०२४) पासून ही सोय मुळातच चालू असते. म्हणून पूर्वी त्रास न देणारा लॅपटॉप प्रणाली नवी केल्यावर त्रास देऊ लागतो.

३. टंकताना विराम : कळा दाबल्या जात असताना टचपॅड आपोआप गप्प राहतो. मात्र शेवटच्या कळेनंतरचा हा विराम सेकंदापेक्षाही कमी असतो. शिवाय तो लॅपटॉपच्या स्वतःच्या कळफलकाशी जोडलेला असतो. वेगळा यूएसबी कळफलक लावला तर त्याचा उपयोग होत नाही.

४. स्पर्शाचा उंबरठा : किती दाबाला बोट म्हणायचे आणि कशाला तळहात, हा निर्णय. जुन्या ‘सिनॅप्टिक्स’ चालकात ही मूल्ये वापरणाऱ्याला बदलता येत. लिबइनपुट हा निर्णय स्वतः घेतो, त्यासाठी सेटिंग्जमध्ये सरकपट्टी नाही. येथे हात घालण्याची गरज क्वचितच पडते.

आता देवनागरीचा प्रश्न. इनस्क्रिप्टमध्ये स्वर व मात्रा डाव्या हाताकडे, तर व्यंजने बहुतांशी उजव्या हाताकडे असतात. ‘स्त्री’ हा शब्द सुटा टंकला तर स, हलन्त, त, हलन्त, र आणि दुसरी वेलांटी अशा सहा कळा लागतात आणि हात आळीपाळीने चालतात. शिकाऊ टंकणारा हलन्त शोधत थांबतो. तेवढ्यात विराम संपतो, टचपॅड जागा होतो आणि टेकलेल्या तळहाताचा टॅप होतो. म्हणजे जो सावकाश टंकतो, त्याला तिसऱ्या सोयीचे संरक्षण सर्वांत कमी मिळते. आपले बहुतेक विद्यार्थी याच गटातले आहेत.

म्हणून क्रम असा ठेवावा. सेटिंग्जमध्ये ‘माउस अँड टचपॅड’ उघडून प्रथम ‘टॅप टू क्लिक’ बंद करावे. त्यानंतर क्लिकसाठी टचपॅड खाली दाबावा लागेल. दोन दिवसांत सवय होते. मग ‘डिसेबल टचपॅड व्हाइल टायपिंग’ चालू असल्याची खात्री करावी. बाणाचा वेग शेवटी, हाताला मानवेल तसा ठेवावा. टॅप हवाच असेल, तर टंकायला बसण्यापूर्वी बाण खिडकीच्या शीर्षकपट्टीवर नेऊन ठेवावा. मग चुकून टॅप झाला तरी कर्सर मजकुरात उडणार नाही.

त्या विद्यार्थिनीने टॅप बंद केला. मात्र आधीच लिहिलेली पाने तिला छापून, पेन्सिल घेऊन, ओळीओळीने वाचावी लागली. सेटिंग पुढची चूक थांबवते, मागची शोधून देत नाही. ते काम वाचणाऱ्याचेच.

स्वाध्याय
१. आपल्या लॅपटॉपवर वरीलपैकी पहिल्या तीन सोयी कोणत्या स्थितीत आहेत, ते नोंदवा.
२. एक काना वाढला किंवा गळला तरी अर्थपूर्ण राहणाऱ्या शब्दांच्या दहा जोड्या लिहा. आपल्या लेखनात त्या खास तपासा.
३. ‘संवेदनशीलता’ हा शब्द न वापरता टचपॅडची तक्रार दोन वाक्यांत मांडा.