मोहनाचें मर्म : फळांच्या शॉर्टब्रेड वड्या

पोळी मऊ व्हावयाची तर कणीक चांगली तिंबली पाहिजे, हें आपल्या घरांतील लहान मुलांसहि ठाऊक असतें. परंतु करंज्या किंवा शंकरपाळे करावयाचे असले म्हणजे वडील माणसें पिठांत प्रथम कडकडीत तुपाचें मोहन घालतात, व मगच दूध किंवा पाणी. एके ठिकाणीं पीठ बळानें मळावयाचें आणि दुसरे ठिकाणीं त्यास आधीं तूप चोळावयाचें, यांत कांहीं हेतु असलाच पाहिजे. तो समजून घेण्यासाठीं आम्ही येथें स्कॉटलंड देशांतील एक खाद्य उदाहरणादाखल घेतलें आहे. त्याचें नांव शॉर्टब्रेड.

नांवांत ब्रेड असला तरी हा पाव नव्हे. 'शॉर्ट' म्हणजे आखूड, हें आमच्या विद्यार्थ्यांस माहीत आहे. पण स्वयंपाकाच्या भाषेंत त्या शब्दाचा जुना अर्थ ठिसूळ, चटकन् मोडणारा असा आहे. नाताळांत व नववर्षाच्या सुमारास स्कॉटिश लोक हें खाद्य विशेष आवडीनें करितात. त्याचें प्रमाण ध्यानांत ठेवण्यास सोपें आहे : वजनानें एक भाग साखर, दोन भाग लोणी व तीन भाग पीठ. यांत अंडें नाहीं, खमीर नाहीं व वरून घातलेलें पाणीहि नाहीं.

आतां कारण पाहूं. गव्हाच्या पिठांत दोन प्रकारचीं प्रथिनें अशीं आहेत कीं, पाणी मिळून तीं मळलीं गेलीं म्हणजे त्यांचें रबरासारखें चिवट जाळें बनतें. त्यास ग्लूटेन म्हणतात. इटलींतील बोलोन्या येथील विद्वान बेक्कारी यांनीं १७४५ सालीं प्रसिद्ध झालेल्या लेखांत हा पदार्थ पिठापासून वेगळा करून दाखविला. हा प्रयोग घरींहि करितां येतो. मैद्याचा लिंबाएवढा गोळा पाण्यानें चांगला मळून अर्धा तास झांकून ठेवावा. मग पाण्याच्या भांड्यांत तो हलके हलके चोळून धुवावा. पिठांतील पिष्ट निघून पाणी पांढरें होईल, आणि शेवटीं हातांत जो ताणला जाणारा चिवट गोळा राहील, तें ग्लूटेन. पोळी न फाटतां पसरते ती याच्याच बळावर.

शॉर्टब्रेडमध्यें मात्र हें जाळें नको असतें. पिठास आधीं लोणी चोळलें म्हणजे त्याच्या कणांवर स्निग्ध लेप बसतो, पाणी सहज आंत शिरत नाहीं, व जाळें तुटक राहतें. करंजींतील मोहन हेंच काम करितें. नानकटाई तोंडांत विरघळते तीहि याच कारणानें.

साहित्य. मैदा २५० ग्रॅम, तांदुळाचें पीठ ५० ग्रॅम, थंड लोणी २०० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम. तांदुळाच्या पिठांत ग्लूटेन होत नाहीं, म्हणून त्यानें वडी अधिक खुसखुशीत होते. सारणासाठीं बिया काढलेला खजूर २०० ग्रॅम, अर्धी वाटी पाणी व एका लिंबाचा रस. निम्म्या खजुराऐवजीं जर्दाळू घेतले तरी चालतील. बाजारच्या लोण्यांत सुमारें ८० टक्के स्निग्धांश असतो व बाकी बहुतेक पाणी. म्हणून तूप वापरणें असेल तर १६० ग्रॅम पुरे. लोणी खारें असल्यास वेगळें मीठ घालूं नये.

कृति. प्रथम खजूर व पाणी मंद आंचेवर शिजवून घोटावें. सारण पळीवरून ओघळणार नाहीं इतकें दाट झालें म्हणजे लिंबाचा रस मिसळून तें निववावें. पातळ सारणानें खालचा थर ओला राहतो.

दोन्ही पिठें व साखर एकत्र चाळावीं. त्यांत लोण्याचे तुकडे टाकून बोटांच्या टोकांनीं चोळावें. मिश्रण ओल्या वाळूसारखें दिसूं लागलें व मुठींत दाबल्यास गोळा धरूं लागलें, कीं हात थांबवावा. येथें मळण्याचा मोह आवरला पाहिजे.

२० सेंटिमीटर चौरस थाळ्यास लोण्याचा हात लावून दोनतृतीयांश मिश्रण त्यांत सारखें दाबावें, व वाफ निघून जाण्यासाठीं काट्यानें टोंचावें. आधीं तापविलेल्या भट्टींत १६० अंश सेल्सिअसवर पंधरा मिनिटें भाजावें. मग वर सारण पसरून उरलेलें मिश्रण भुरभुरावें, व आणखी तीस ते पस्तीस मिनिटें, फिकट सोनेरी रंग येईपर्यंत, भाजावें. आंच मोठी केल्यास आंतील भाग भाजण्यापूर्वींच वरची साखर करपते.

भट्टी नसल्यास जाड बुडाच्या भांड्यांत मिठाचा थर देऊन त्यावर तिवई ठेवावी, भांडें झांकून तापवावें, व आंत थाळा ठेवून मंद आंचेवर भाजावें. वेळ अधिक लागेल. रंग पाहूनच उतरावें.

थाळा गरम असतांनाच सुरीनें वड्या आंखाव्या, परंतु पूर्ण निवल्यावांचून उचलूं नयेत. स्निग्धांश थिजल्यावरच वडीस घट्टपणा येतो. घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवून चार पांच दिवसांत संपवाव्या.

पालकांस आमची विनंति आहे कीं, हें काम मुलींप्रमाणें मुलांसहि करूं द्यावें. भट्टीपाशीं मात्र स्वतः उभें राहावें. लोणी महाग आहे, आणि थाळा बिघडण्याच्या भीतीनें आपण मुलांस स्वयंपाकघरांतून दूर ठेवितों. पण ज्यानें ग्लूटेनचा गोळा आपल्या हातानें धुऊन पाहिला, त्यास कोठें मळावें व कोठें थांबावें हें वारंवार सांगावें लागत नाहीं. पुढें करंज्यांचा दिवस येईल तेव्हां मोहन किती घालावें हें तो विचारील, आणि कां घालावें हें आपल्या धाकट्या भावंडांस सांगेल.