थोडक्या खर्चातील अंगण : एक प्रात्यक्षिक पाठ



अंगणाची शोभा हा धनिकांचा विषय आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. हिरवळ, कारंजी व फरसबंदी यांची चित्रे पाहून ती अधिकच दृढ होते. वस्तुतः खेड्यातील बहुतेक घरांस पुढे अंगण व मागे परस ही वारशानेच लाभलेली असतात. उणीव असते ती योजनेची. ही योजना कशी करावी, हे मुलांस कृतीतून शिकविता यावे, या हेतूने इयत्ता चौथी व पाचवीसाठी पुढील पाठाची आखणी दिली आहे.

प्रथम माझीच एक चूक सांगतो. १९९६ साली माणदेशातील एका खेड्यात शिक्षक असताना मी भाड्याच्या घरापुढे वीस रोपे लावली. त्यांत गुलाबच अधिक होते. पगारातील बरीच रक्कम त्यांत खर्ची पडली. मार्चमध्ये आड आटला व गावात टँकर येऊ लागला. माणसांस पाणी पुरेना, तेथे गुलाबास कोण घालणार? मेअखेर वीसांपैकी एकही रोप उरले नाही. मात्र घरामागे, न्हाणीचे पाणी जेथे सांडे तेथे, कोणी न लावलेली पपई फळास आली होती. माझा एक विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, झाडानं आपलं पानी हुडकलंय." या पाठाचे सार त्या वाक्यात आहे. आधी पाणी पाहावे, मग झाड निवडावे आणि पैसा सर्वांत शेवटी खर्चावा.

साहित्य : मीटरपट्टी, सुतळी, खुंट्या, सरळ काठी, गवंड्याकडील पारदर्शक नळी, चौकटीचा कागद.

१. नकाशा. प्रत्येक मुलाने घराचा आवार मोजावा व एका मीटरास एक सेंटीमीटर हे प्रमाण धरून कागदावर उतरावा. उत्तर दिशा, जोते, दार, न्हाणी, गोठा, असलेली झाडे व रोजची पायवाट दाखवावी. जेथे रोज पाय पडतात तेथे वाफा करू नये. पायवाट घरच्या माणसांनी चालून चालून आधीच आखलेली असते. तिच्या कडेला दगड लावले की ती शोभून दिसते.

२. पाणी. नळीत पाणी भरून दोन्ही टोके उभी धरली असता पाण्याची पातळी सारखी राहते. तीवरून उतार मोजावा. जोत्यापासून बाहेर दर मीटरास सुमारे दोन सेंटीमीटर उतार असल्यास भिंतीशी पाणी मुरत नाही. नंतर गणित घालावे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी होते. आठ मीटर लांब व पाच मीटर रुंद छपरावर पंचवीस मिलिमीटर पाऊस झाल्यास किती पाणी पडेल? उत्तर एक हजार लिटर येते, तेव्हा मुले चकित होतात. तसेच चार माणसांच्या घरी माणशी पंधरा लिटरची एकच बादली धरली, तरी न्हाणीतून रोज साठ लिटर पाणी बाहेर पडते. ते खडी-वाळूच्या चरातून केळी, पपई व अळू यांस द्यावे. कच्च्या खाण्याच्या भाजीस साबणाचे पाणी देऊ नये. उरलेले पाणी दगडांनी भरलेल्या शोषखड्ड्यात सोडावे; साचू दिल्यास डास होतात.

३. सावली. काठी रोवून सकाळी नऊ, दुपारी बारा व चार वाजता तिची सावली खुणावी. उन्हाळ्यात घर सर्वांत तापते ते पश्चिमेच्या उन्हाने. म्हणून कडुनिंबासारखे झाड पश्चिमेस, जोत्यापासून पाच-सहा मीटर सोडून लावावे. वड, पिंपळ व उंबर भिंतीजवळ वाढू देऊ नयेत. त्यांची मुळे बांधकाम फोडतात.

४. रोपे. पावसाच्या आरंभी शेवग्याचे फाटे आणि जास्वंद व अडुळसा यांच्या काड्या लावल्या असता जगतात. गवती चहाचा ठोंब फोडून, तर कढीपत्त्याची मुळाशी फुटलेली रोपे काढून लावता येतात. झेंडू व गुलबक्षी यांचे बी शेजारी मिळते. मेंदीचे कुंपण शोभिवंत व काटक होते. आळ्यात पालापाचोळा पसरावा, म्हणजे ओल टिकते. जुने मातीचे मडके रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरून ठेवल्यास ते हळूहळू पाझरते. कण्हेर विषारी आहे व शेराचा चीक डोळ्यांस घातक आहे, हे मुलांस स्पष्ट सांगावे.

५. खर्च. मुलांनी वहीत तीन रकाने आखावेत : घरी आहे, गावात मागून मिळेल, विकत घ्यावे लागेल. पहिले दोन रकाने पुरते भरल्यावाचून तिसऱ्यास हात लावू नये. तिसऱ्यात बहुधा शेळ्यांपासून राखण्याचे साहित्य येते. तेथेही बाभळीच्या काट्यांनी काम भागते.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. वर्गातील काही मुलांच्या घरास अंगणच नसते. त्यांस कमीपणा वाटेल असे प्रश्न विचारू नयेत. शाळेच्या आवारातील एक कोपरा त्यांच्या हवाली करावा आणि त्याचाच नकाशा सर्व वर्गासमोर फळ्यावर काढावा.

शेवटी मूल्यमापनाविषयी. पावसाळ्यात लावलेली रोपे मोजून आपण अहवाल पाठवितो आणि कामाची इतिश्री मानतो. रोप जुलैत सर्वांचेच हिरवे असते. या पाठाची परीक्षा मेमध्ये घ्यावी. सुटी लागण्यापूर्वी, सुटीत कोण पाणी घालील याची नावे मुलांकडून लिहून घ्यावीत व जूनमध्ये पुन्हा मोजणी करावी. वीस लावून एकही न जगणे यापेक्षा दोन लावून दोन्ही जगविणे श्रेष्ठ. जे रोप वाळले, ते का वाळले हे मुलाने स्वतः वहीत लिहिले, तर तोही पाठ वाया गेला असे समजू नये. मी तो पगारातील पैसे मोजून शिकलो. आपल्या विद्यार्थ्यांस तो विनामूल्य शिकविता येईल.