दुखण्यावरील गोळीची सवय व ती सोडविण्याची रीत

अफू आपल्या लोकांस नवी नाही. मुंबईच्या गिरण्या भरभराटीत असता तेथे कामास जाणाऱ्या कित्येक बाया तान्ह्या मुलास अफूची ‘बाळगोळी’ देऊन निजवीत असत, कारण दिवसभर मूल सांभाळण्यास घरी कोणी नसे. आज ती गोळी मागे पडली आहे. परंतु अफूच्याच कुळातील औषधे दुसऱ्या वाटेने, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, घरात आली आहेत. त्यांविषयी या पाठात आम्ही विचार करणार आहोत. जालना, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांत पाठ व गुडघे झिजविणारी कामे करणारे लोक पुष्कळ. ऊसतोडीस जाणारी जोडपी, जालन्याच्या लोखंडी सळयांच्या कारखान्यांतील मजूर, कापूस वेचणाऱ्या बाया, यांच्या दुखण्यास शेवट नसतो. मग गोळीसही शेवट राहत नाही.

खसखशीच्या बोंडास चीर पाडली असता जो चीक निघतो तोच अफू होय. त्यातून मॉर्फीन नावाचे सत्त्व जर्मनीतील सेर्टुर्नर नामक औषधविक्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वेगळे काढले. खोकल्याच्या काही औषधांत असणारे कोडीन हे त्याच घरचे. ट्रॅमाडॉल हे मात्र कारखान्यात बनविलेले औषध असून त्याचे काम अफूसारखेच आहे. ते निरुपद्रवी आहे अशी पुष्कळांची समजूत होती. तथापि त्याचा दुरुपयोग वाढल्यामुळे एप्रिल २०१८ मध्ये भारत सरकारने ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणिले.

ही औषधे महिनोन्‌महिने घेतली असता शरीर त्यांस सरावते. पूर्वी एका गोळीने जे दुखणे राही त्यास दोन लागतात, आणि गोळी चुकली की शरीर बंड करिते. हे कोणाच्याही शरीरात घडते, मग तो मनुष्य कितीही सज्जन असो. यास सवय म्हणावे. व्यसन निराळे: त्यात मनुष्य दुखण्यासाठी नव्हे तर अंमलासाठी गोळी शोधतो, घरातील पैसा लपवून नेतो, नुकसान दिसत असूनही थांबू शकत नाही. सवयीचे कधी व्यसन होते हे खरे, पण प्रत्येक सवय म्हणजे व्यसन नव्हे. अपघातानंतर दोन वर्षे डॉक्टरांच्या सांगण्यावरून गोळी घेणाऱ्या मनुष्यास गावाने ‘अफूबाज’ म्हणावे, यासारखा अन्याय नाही. अशा नावाने तो सुधारत नाही. तो फक्त लपवू लागतो.

आता मुख्य गोष्ट. घरच्यांस ही सवय कळली की बहुधा पहिला उपाय असा होतो की गोळ्यांचे पाकीट चुलीत टाकावयाचे. हा उपाय वाईट आहे. गोळी एकदम तुटली म्हणजे साधारण ८ ते २४ तासांत त्रास सुरू होतो: जांभया, डोळ्यांस व नाकास पाणी, अंगावर काटा, घाम, पोटात कळा, जुलाब, ओकारी, पायांची तळमळ, झोपेचा नाश, आणि जुने दुखणे दुपटीने. हा जोर ४ ते १० दिवस राहतो. झोप व मन ठिकाणावर येण्यास कित्येक आठवडे जातात. ट्रॅमाडॉल एकदम सोडल्याने कित्येकांस भयंकर घबराट होते व भलतेसलते भासही होतात. अमेरिकेत २०१६ सालच्या सरकारी मार्गदर्शनाचा विपरीत अर्थ घेऊन अनेक डॉक्टरांनी रोग्यांच्या गोळ्या एकाएकी तोडल्या. तेव्हा एप्रिल २०१९ मध्ये तेथील औषध-प्रशासनास इशारा द्यावा लागला की, असे केल्याने असह्य वेदना, मनाचा क्षोभ व आत्महत्याही घडल्या आहेत.

योग्य रीत उतरंडीची आहे. ज्याने वर्षभर किंवा अधिक काळ औषध घेतले त्याची मात्रा महिन्यास सुमारे दहावा हिस्सा, अथवा त्याहूनही हळू, कमी करावी असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. उदाहरणार्थ, दिवसाची मात्रा २०० मिलिग्रॅम असेल तर पहिल्या महिन्यात १८०, पुढे १६०. आणि खाली उतरता उतरता पायऱ्या आणखी लहान कराव्या, कारण शेवटचा उतार सर्वांत कठीण असतो. कॅप्सूल अर्धी करता येत नाही, म्हणून डॉक्टर लहान गोळी किंवा थेंबांचे औषध देतात. जी गोळी दिवसभर हळूहळू विरघळणारी असते ती कधीही कुटू अथवा तोडू नये. सबंध दिवसाची मात्रा एकदम अंगात उतरून श्वास बंद पडू शकतो. एखाद्या पायरीवर त्रास फार झाला तर तेथेच महिनाभर थांबावे. थांबणे म्हणजे हार नव्हे. हिशेब वहीत लिहून ठेवावा, आणि तो डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा. गावच्या दुकानदाराच्या सल्ल्याने नव्हे.

त्रासाच्या दिवसांत घरच्यांनी काय करावे? जुलाब झाल्यास एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते घोटघोट पाजावे. पातळ पेज, ताक द्यावे. कोमट पाण्याने अंघोळ, पाय चेपणे, सकाळी थोडे चालणे यांनी तळमळ उतरते. घाम, काटा व धडधड यांवर डॉक्टर क्लोनिडीन देऊ शकतात. व्यसन जडलेले असेल तर ब्युप्रेनॉर्फीन नावाचे औषधही आहे, ज्याने तलफ आवरते. दारू किंवा झोपेच्या गोळ्या मात्र मुळीच देऊ नयेत. आणि रात्री त्याच्याजवळ कोणीतरी जागे असावे. तिसऱ्या रात्री तीन वाजता एकटा पडलेला मनुष्य जे विचार करितो ते दिवसा केलेल्या निश्चयास पुरून उरतात.

याहून मोठा धोका पुढे असतो, व तो फारच थोड्यांस ठाऊक आहे. मात्रा उतरल्यावर शरीराची सहनशक्तीही उतरते. दोन महिन्यांनी एखाद्या वाईट दिवशी त्याने जुन्या सवयीने पूर्वीइतक्या गोळ्या घेतल्या, तर त्या आता त्यास मारू शकतात. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास अगदी मंद, ओठ निळे, हाक मारून उठत नाही, अशी चिन्हे दिसताच १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी, व त्यास कुशीवर निजवावे. नालोक्झोन नावाच्या सुईने असा मनुष्य परत येतो, पण ती वेळेवर मिळाली पाहिजे. म्हणून उरलेल्या गोळ्या घरात ठेवू नयेत.

दोन प्रकारच्या रोग्यांविषयी निराळे सांगणे आहे. गर्भवती स्त्रीने ही औषधे आपल्या मनाने कधीही तोडू नयेत, त्याने गर्भास धोका होतो. तिने डॉक्टरांस सर्व खरे सांगावे, म्हणजे जन्मलेल्या बाळावरही लक्ष ठेवता येते. आणि कर्करोगाच्या शेवटल्या अवस्थेत असलेल्यास मॉर्फीन मिळत असेल तर ‘सवय लागेल’ म्हणून ते नाकारणे हे केवळ क्रौर्य आहे. पुष्कळ घरांत हे प्रेमापोटीच केले जाते.

व्यसन जडलेल्यांसाठी पुण्यात येरवडा येथे १९८६ साली सुरू झालेले ‘मुक्तांगण’ सुपरिचित आहे. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी ते उभे केले. ज्यांस इतके दूर जाणे शक्य नाही त्यांनी प्रथम जालना येथील जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारावे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ व मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे सरकारी दूरध्वनी विनामूल्य आहेत. दुसऱ्यावर मराठीत बोलता येते. जाताना गोळ्यांचे रिकामे पाकीट व डॉक्टरांची जुनी चिठ्ठी बरोबर न्यावी, आणि दिवसास खरोखर किती गोळ्या घेतो तो आकडा लाजेने कमी करून सांगू नये. उतरंडीची पहिली पायरी त्याच आकड्यावरून ठरते.