गाडीवरचा जादा दिवा : निवड आणि बसवणी



हंगामात उसाची भरणी रात्री-अपरात्री चालते. फडाच्या कडेला चिखल, चर, बांध. म्हणून जीपला किंवा ट्रॅक्टरला एलईडीचा लांब बार लावण्याची पद्धत हल्ली वाढली आहे. दिवा जरूर लावावा. पण घेताना आणि बसविताना काय पाहावे, ते या धड्यात पाहू.

आधी आमचीच चूक सांगतो. घाटाखाली कर्जतला आमचे सोयरे आहेत. जुलैत त्यांच्या भातलावणीला गेलो होतो. जीपच्या टपावर नवाकोरा बार. रात्री परतताना पळसदरीकडून खोपोलीला येणाऱ्या रस्त्यावर समोरून एक मोटारसायकलवाला आला. आमच्या उजेडाने त्याचे डोळे दिपले आणि तो सरळ साइडपट्टीवरून खाली उतरला. पडला नाही, हे नशीब. पुढे बोरघाटात धुके लागले. बार चालूच होता, तर समोर नुसती पांढरी भिंत! बंद केला, हेडलाईट खाली केले, तेव्हा कुठे रस्त्याची कडा दिसू लागली.

असे का होते? धुके म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. टपावरचा दिवा आपल्या डोळ्यांच्या अगदी जवळ असतो. थेंबांवरून परतलेला उजेड थेट आपल्याच डोळ्यांत येतो. तोच दिवा खाली, बंपरच्या पातळीला, रुंद आणि आडव्या झोताचा असला की उजेड धुक्याखालून रस्त्यावर पडतो. पिवळा उजेड धुके फोडतो असे म्हणतात, पण धुक्याच्या थेंबांपुढे रंगाने विशेष फरक पडत नाही. दिव्याची जागा आणि झोताचा आकार हीच खरी बाब.

निवड. एलईडीचा पांढरा उजेड निळ्या एलईडीवर पिवळा लेप देऊन मिळतो. हा निळा एलईडी शोधल्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. दिव्याला वीज कमी लागते, म्हणून कितीही लावावेत असे मात्र नाही. १२० वॅटचा बार १२ व्होल्टवर १० अँपिअर ओढतो. बऱ्याच ट्रॅक्टरांचा अल्टरनेटर ३६ अँपिअरचा असतो. दोन बार लावले की २० गेले. उरलेल्या १६ मध्ये हेडलाईट आणि बॅटरीचे चार्जिंग. इंजिन मंद चालत असेल तर तेवढेही मिळत नाहीत. फडात भरणीसाठी पसरट झोत घ्यावा. लांब टोकदार झोत तिथे निरुपयोगी. खोक्यावर ‘आयपी ६७’ पाहावे : म्हणजे धूळ आत जात नाही आणि १ मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालतो.

बसवणी.
१) बार रेडिएटरच्या जाळीपुढे आडवा नको, हवा अडते, इंजिन तापते.
२) पाठीमागच्या पंख्या उष्णता बाहेर टाकतात. त्यांत चिखल आणि पाचट साचू देऊ नये.
३) नटाला स्प्रिंग वॉशर घालावा, नाहीतर खडखडाटाने दिवा कलतो.
४) हेडलाईटच्या वायरीला जोड मारू नये. बॅटरीपासून स्वतंत्र २.५ चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज, मध्ये रिले आणि वेगळे बटण. फ्यूजच्या जागी तार गुंडाळणे म्हणजे आगीला आमंत्रण.

कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १११ प्रमाणे पूर्वपरवानगीशिवाय वाहनाच्या पुढे शोधदिवा लावता येत नाही. नियम १०६ सांगतो की दिव्यापुढे ८ मीटरवर, उजवीकडे अर्धा मीटर सरकून, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपता कामा नये. ही परीक्षा अंगणात घरीच करता येते. पण परीक्षेत उतरला तरी बार शेतातलाच. डांबरी लागली की बंद करावा, वर झाकण चढवावे.

एक हातबत्तीही गाडीत असू द्यावी. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. मदतीला गेलेली माणसे भर पावसात पायीच डोंगर चढली. गाडीचा दिवा रस्ता संपतो तिथवरच.

आणि ट्रॉलीच्या मागचे लाल रिफ्लेक्टर आजच पुसून घ्या. पूर्वी बैलगाडीखाली कंदील टांगत, तो आपल्याला वाट दिसावी यापेक्षा आपली गाडी दुसऱ्याला दिसावी म्हणून. ती रीत सोडू नये.