भूमिदोष, वनस्पती आणि चरणारे पशू : कंब्रियाच्या मेंढ्यांचा सव्वीस वर्षांचा धडा

औषधी द्रव्याची परीक्षा करताना आपण त्याची ओळख, ग्रहणकाल, आर्द्रता, भेसळ आणि अलीकडे जड धातूंचे प्रमाण पाहतो. ते द्रव्य ज्या भूमीत वाढले तिची चौकशी मात्र बहुधा व्यापाऱ्याच्या एका शब्दावर थांबते. भूमीत एकदा शिरलेला दोष वनस्पतीत आणि तेथून चरणाऱ्या पशूत कसा उतरतो, किती काळ टिकतो आणि तो काळ कशावरून ठरतो, याचा फार सविस्तर अभ्यास १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर युरोपात झाला. त्यांपैकी वायव्य इंग्लंडमधील कंब्रिया प्रांतातील मेंढ्यांचे उदाहरण घेऊन वैद्यबंधू-भगिनी आणि औषधनिर्माते यांच्यापुढे काही विचार मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव विकृत झाले असता भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी रोगग्रस्त होतात, असे सांगितले आहे. भूमी विरस होण्यापूर्वीच औषधी गोळा करून ठेवाव्यात, असा उपदेशही तेथे येतो. आचार्यांना किरणोत्सार ठाऊक होता, असे सुचविण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. देश बिघडला की द्रव्य बिघडते, हे सूत्र आपल्या अभ्यासात नवे नाही, एवढेच येथे नोंदवायचे आहे.

घटनाक्रम

२६ एप्रिल १९८६ रोजी तत्कालीन सोव्हिएत संघातील युक्रेनमध्ये चेर्नोबिल अणुवीज केंद्राच्या चौथ्या अणुभट्टीत स्फोट झाला. तेथून निघालेले किरणोत्सारी द्रव्यांचे ढग वाऱ्याबरोबर युरोपभर पसरले. मेच्या पहिल्या आठवड्यात ते दोन हजार किलोमीटरहून दूर असलेल्या ब्रिटनवर आले. नेमक्या त्याच वेळी कंब्रिया, उत्तर वेल्स आणि नैर्ऋत्य स्कॉटलंडच्या डोंगराळ भागांत मुसळधार पाऊस झाला आणि हवेतील द्रव्ये कुरणांवर उतरली. जेथे पाऊस पडला नाही, तेथे अत्यल्प संचय झाला.

जून १९८६ मध्ये ब्रिटिश शासनाने या भागांतील मेंढ्यांच्या विक्रीवर व वाहतुकीवर निर्बंध घातले. मांसाच्या एका किलोमागे सीझियमची १,००० बेक्वेरेल ही मर्यादा ठरली. (दर सेकंदाला एका अणूचे विघटन म्हणजे एक बेक्वेरेल.) निर्बंध सुमारे तीन आठवड्यांत उठतील, अशी अपेक्षा आरंभी व्यक्त झाली होती. प्रत्यक्षात ते वाढत गेले. देशभरातील नऊ हजारांहून अधिक पशुपालक आणि चाळीस लाखांहून अधिक मेंढ्या त्यांच्या कक्षेत आल्या. क्षेत्र हळूहळू घटत गेले तरी कंब्रिया व वेल्समधील अखेरचे निर्बंध उठायला जून २०१२ उजाडला. तीन आठवड्यांची सव्वीस वर्षे का झाली, हा या अभ्यासाचा मूळ प्रश्न आहे.

तीन प्रकारचे अर्धायुष्य

या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी तीन संज्ञा वेगळ्या ठेवाव्या लागतात.

पहिले भौतिक अर्धायुष्य. किरणोत्सारी द्रव्याचे निम्मे अणू विघटित होण्यास लागणारा हा काळ आहे. आयोडीन-१३१ साठी तो सुमारे ८ दिवस, सीझियम-१३४ साठी सुमारे २ वर्षे आणि सीझियम-१३७ साठी सुमारे ३० वर्षे असतो. अग्नी, मर्दन, भावना अथवा रासायनिक क्रिया यांनी हा काळ बदलत नाही. कंब्रियातच १९५७ मध्ये विंडस्केल येथील अणुभट्टीला आग लागली, तेव्हा सुमारे ५०० चौरस किलोमीटर क्षेत्रातील दूध ओतून द्यावे लागले. परंतु तेथे मुख्य भय आयोडीनचे असल्याने तो निर्बंध काही आठवड्यांतच संपला.

दुसरे जैविक अर्धायुष्य. शरीरात गेलेल्या द्रव्याचा निम्मा भाग मलमूत्रावाटे बाहेर पडण्याचा हा काळ होय. सीझियम रासायनिकदृष्ट्या पोटॅशियमसारखे असल्याने ते मांसधातूत पसरते. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमसारखे असल्याने अस्थींत साठते. मेंढीच्या शरीरातील सीझियम सुमारे १० दिवसांत निम्मे होते. प्रौढ माणसात यास साधारणतः १०० दिवस लागतात.

तिसरे परिसरीय अर्धायुष्य. एखाद्या भूमीवरील गवतात, दुधात अथवा मांसात ते द्रव्य निम्मे होण्यास प्रत्यक्ष किती काळ लागतो, हे त्यावरून कळते. पहिली दोन अर्धायुष्ये पुस्तकात सापडतात. तिसरे मात्र त्या त्या भूमीवर जाऊनच मोजावे लागते. कंब्रियात चूक झाली ती येथेच.

भूमीचा भेद

चिकणमातीतील काही खनिजांचे कण पापुद्र्यांचे बनलेले असतात. सीझियमचे अणू या पापुद्र्यांच्या कडांत अडकतात आणि मुळांना सहसा मिळत नाहीत. अशा भूमीवर पहिल्या पावसाने पानांवरील द्रव्य धुऊन गेले की नवे गवत पुष्कळ अंशी स्वच्छ उगवते. आरंभीचे अनुमान अशाच मृदेच्या अनुभवावर बेतलेले होते.

कंब्रियाच्या उंच डोंगरावरील भूमी मात्र वेगळी आहे. तेथे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची काळी, ओलसर, आम्लधर्मी माती असते. तिला पीट म्हणतात. तिच्यात चिकणमातीचा अंश थोडा आणि पोटॅशियमही थोडे असते. सीझियमला अडकायला जागा नाही आणि मुळांना पोटॅशियमची भूक आहे, अशा स्थितीत मुळे पोटॅशियमच्या जोडीने सीझियमही शोषतात. ते गवतात व झुडपांत जाते, मेंढी ते खाते, लेंडीवाटे ते पुन्हा त्याच मातीत येते आणि पुढल्या ऋतूत परत वर चढते. एकच द्रव्य, एकाच पावसात पडलेले. दरीतील शेतात ते मातीत बांधले गेले आणि डोंगरावर वर्षानुवर्षे फिरत राहिले.

मेंढपाळांचे म्हणणे

या प्रकरणाचा समाजशास्त्रीय अभ्यास ब्रिटिश अभ्यासक ब्रायन विन यांनी केला. तज्ज्ञांचे अनुमान चुकले याहूनही, ते ठामपणे सांगितले गेले आणि स्थानिकांचे म्हणणे ऐकले गेले नाही, याने मेंढपाळांचा विश्वास अधिक ढळला, असे त्यांनी दाखविले. मेंढ्या दरीतील स्वच्छ कुरणात ठेवाव्यात, असा सल्ला देण्यात आला. परंतु दरीतले थोडे गवत हिवाळ्यासाठी राखून ठेवलेले असते, ते आधीच संपले तर पुढे कळपाला काय घालावे, हा मेंढपाळांचा प्रश्न होता. बेंटोनाइट ही माती कुरणावर टाकून सीझियम बांधता येते का, याची चाचणी घेताना मेंढ्या कुंपणात कोंडण्यात आल्या. मोकळ्या डोंगरावर चरणाऱ्या या मेंढ्या कोंडल्या तर खंगतील, असे मेंढपाळांनी आधीच सांगितले होते. तसेच झाले आणि ती चाचणी सोडून द्यावी लागली.

हे सांगण्यात विज्ञानाचा उपहास नाही. पीट मृदेचा गुण अखेर विज्ञानानेच मोजून दाखविला. परंतु ज्याने ती भूमी, तो ऋतू आणि तो पशू रोज पाहिला आहे त्याची साक्ष मोजमापाच्या आधी घेतली गेली असती, तर काळ आणि विश्वास दोन्ही वाचले असते. ज्या वनौषधी-संग्राहकांकडून आपण माल घेतो त्यांनाही हेच लागू आहे.

मेंढ्यांच्या जैविक अर्धायुष्याचा उपयोग मात्र चांगला झाला. जिवंत मेंढीला बाहेरून मापक लावून तिच्यातील सीझियमचा अंदाज घेत. मर्यादेहून अधिक आढळल्यास तिच्यावर रंगाची खूण करीत. अशी मेंढी काही आठवडे खालच्या कुरणात चरली की तिच्यातील प्रमाण मर्यादेखाली येई. आहार पालटला की पशू शुद्ध होतो. भूमी मात्र तशीच राहते.

दगडफूल, छत्रक आणि रानडुक्कर

इतर देशांतील निरीक्षणांनी या सूत्राला पुष्टी मिळाली. नॉर्वे व स्वीडनमधील रेनडिअर हिवाळ्यात शैलेयाच्या वर्गातील वनस्पतींवर जगतात. आपल्या मसाल्यातील दगडफूल याच वर्गातले. त्यांना मुळे नसतात. पाणी व क्षार ती पाऊस आणि हवा यांतून घेतात, म्हणून हवेतील दोषही ती थेट साठवितात. परिणामी रेनडिअरच्या मांसातील प्रमाण इतके चढले की, सामी पशुपालकांची उपजीविका टिकविण्यासाठी नॉर्वेने १९८६ च्या अखेरीस या मांसाची मर्यादा किलोमागे ६०० वरून ६,००० बेक्वेरेलवर नेली. पुढे ती टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आली. पशूंना प्रशियन ब्लू या द्रव्याच्या वर्गातील मिश्रण क्षारासह चाटायला देण्याचा उपायही तेथे यशस्वी ठरला. ते आतड्यात सीझियम बांधून मळावाटे बाहेर काढते.

वन्य छत्रके सीझियम विशेष साठवितात. ज्या वर्षी छत्रके भरपूर उगवतात, त्या वर्षी नॉर्वेतील शेळ्या-मेंढ्यांतील प्रमाण वर जाते. जर्मनीतील बव्हेरियाच्या अरण्यात हरणांतील प्रमाण घटत गेले, पण जमिनीखालील छत्रके उकरून खाणाऱ्या रानडुकरांतील घटले नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, त्यांतील लक्षणीय भाग चेर्नोबिलचा नसून विसाव्या शतकाच्या मध्यातील वातावरणीय अणुचाचण्यांचा आहे. सीझियम मातीत अतिशय सावकाश खाली उतरते आणि छत्रकांच्या थरापर्यंत आता पोहोचत आहे.

मुंबईत आलेले लोणी

या प्रकरणाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंतही आला. चेर्नोबिलनंतर युरोपीय आर्थिक समुदायाच्या साहाय्यातून आयर्लंडचे लोणी मुंबईत आले. ते दूषित असावे या शंकेने प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिच्या अहवालावरून १९८८ मध्ये ते लोणी सेवनास निर्धोक ठरले.

आपल्या दृष्टीने यातील द्रव्यगुण-विचार उद्बोधक आहे. सीझियम जलविद्राव्य असल्याने दूध घुसळले असता ते बहुतांशी ताकात राहते, लोण्यात थोडे येते आणि कढविलेल्या तुपात नाममात्र उरते. याउलट नॉर्वेत चीज केल्यावर उरणारी निवळी आटवून तपकिरी चीज करतात. त्यात सीझियम अनेक पटींनी एकवटते. स्ट्रॉन्शियम मात्र कॅल्शियमच्या मागोमाग साध्या चीजमध्ये जाते. एकाच दुधाची चार कल्पने केली, तर दोष चारही ठिकाणी सारखा जात नाही.

औषधनिर्मात्यांसाठी काही सूचना

प्रथम निःशंक करणारी गोष्ट. चेर्नोबिलपासून भारतात पडलेली मात्रा युरोपच्या तुलनेत अत्यल्प होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या वनौषधी-गुणवत्ताविषयक मार्गदर्शनानुसार, आढळलेले कमाल प्रदूषण धरले तरी वर्षाला २० किलोहून अधिक वनस्पतिद्रव्य सेवन केले तरच लक्षणीय धोका संभवतो. औषधी मात्रा त्याच्या फार खाली असते. तरीही निर्यातदार आणि आयात द्रव्ये वापरणारे यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. प्रत्येक खेपेच्या नोंदीत देशाच्या नावापुढे न थांबता वन्य की लागवडीचे, डोंगरावरचे की सखल भागातले, मृदा कोणती व ग्रहणमास कोणता, हेही लिहावे. युरोपातून येणारी छत्रके, शैलेयवर्गीय द्रव्ये व वन्य फळे यांविषयी विशेष चौकशी करावी.

२. प्रयोगशाळेकडून केवळ एकूण किरणोत्साराचा आकडा घेऊ नये. प्रत्येक वनस्पतीत नैसर्गिक पोटॅशियम-४० असतेच. एक ग्रॅम पोटॅशियममागे ते सुमारे ३१ बेक्वेरेल भरते. त्यामुळे निर्दोष द्रव्यही दूषित भासू शकते. गॅमा वर्णपटमापनाने सीझियम-१३७ वेगळे मोजून घ्यावे.

३. आकडा ओल्या द्रव्याचा की शुष्क द्रव्याचा, हे विचारावे. छत्रक वाळले की वजन सुमारे दशांश उरते आणि किलोमागचा आकडा दसपट होतो.

४. कल्पनेचा विचार करावा. चूर्णात सर्व दोष राहतो. छत्रक उकळून पाणी टाकून दिले तर दोष घटतो. पण क्वाथात आपण तेच पाणी रुग्णाला देतो.

५. शोधन-मारणाने किरणोत्सार नष्ट होतो, असा दावा कोणीही करू नये. अग्नीने अणूचे स्वरूप पालटत नाही. दूषित द्रव्य वापरात न आणणे हाच त्याचा परिहार होय.

समारोप

कंब्रियाच्या प्रकरणात मापकयंत्रे अचूक होती आणि सीझियमचे अर्धायुष्यही अचूक ठाऊक होते. चुकले ते एका भूमीचा नियम दुसऱ्या भूमीला लावणे. सुश्रुताचार्यांनी औषधिग्रहणासाठी भूमिपरीक्षेचा स्वतंत्र अध्याय लिहिला. आपण तो परीक्षेपुरता पाठ करतो आणि भांडारात माल उतरवून घेताना विसरतो. पुढील खेपेच्या पावतीवर द्रव्याच्या नावाशेजारी त्याच्या भूमीची एक ओळ लिहिण्यास आपण आरंभ केला, तरी या लेखाचा हेतू सफल झाला असे आम्ही मानू.